सामंतबाईंच्या डब्याचं झाकण

सामंतबाई कुठलाही कागद मनातल्या मनात वाचत नसत. लिफ्टमन, भाजीवाली, विम्याचा एजंट, जो सापडेल त्याला समोर उभं करायचं आणि मोठ्याने वाचून दाखवायचं. ऐकणाऱ्याचा चेहरा कोरा राहिला, की वाक्य तिथल्या तिथे खोडायचं. म्हणायच्या, "ह्याका कळला नाय, तर कोंबडीवाल्याक काय कळतला?"

कोंबडीवाला म्हणजे खराच कोंबडीवाला हो. बाई अंधेरीच्या एमआयडीसीत कोंबड्यांच्या लशी बनवणाऱ्या कंपनीत होत्या. लस कशी टोचायची, कुठे ठेवायची, त्याची मराठी पत्रकं त्या लिहीत. मी कांजूरमार्गच्या एका कारखान्यात तेच काम करायचे. आमचं जिवाणू खत होतं. मी मॅट्रिकला दोनदा आपटलेली. टायपिंगवर लागले आणि साहेबांचं इंग्रजी मराठीत उतरवता उतरवता जिवाणू म्हणजे काय ते शिकले. आमच्या कामाला ऐंशीच्या दशकात धड नावसुद्धा नव्हतं.

अशाच एका वर्षी अंधेरीला जैवतंत्रज्ञानाची मोठी परिषद भरली, सोमवार ते शनिवार. शास्त्रज्ञांच्या छातीवर नाव आणि हुद्दा. आम्हा पत्रकं लिहिणाऱ्यांच्या बिल्ल्यावर नुसतं 'स्टॉल'. पहिल्या दिवशी दुपारी मी आपली खांबाआड एकटी डबा उघडून बसले होते, तर एक ठेंगणी, अबोली माळलेली बाई समोर उभी राहिली.

"तू लिवतंस काय गे हा कागद?"

"हो."

"कोणाक वाचून दाखवलंस?"

"साहेबांना."

"साहेब काय शेत नांगरता? चल, ऊठ. थंय बसलो आसोंव सगळे."

जिन्याखाली सतरंजी घालून ह्या सामंतबाईंनी पाचसहा जण जमवले होते. त्यातले काही तर एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांचे. घाटकोपरचे देढियाभाई तर आमच्यासारखंच जिवाणू खत विकणाऱ्या कंपनीतले. त्यांच्या साहेबाने बजावलं होतं, कांजूरवाल्यांशी बोलायचं नाही. ते बिचारे आमच्याकडे अर्धी पाठ करून ठेपला खात.

बाईंचा नियम सोपा होता. रोज एकाने आपलं पत्रक वाचायचं, बाकीच्यांनी जेवायचं. जिथे अडेल तिथे चमच्याने डब्याचं झाकण वाजवायचं. "माल कसो बनवतात ता कोणी विचारूचा नाय. शब्द मात्र सगळ्यांचे." पहिले दोन दिवस नुसता ठणठणाट. आम्ही हसून हसून बेजार. मुंबईत माझ्यासारखंच काम करणारी, तशाच शिव्या खाणारी माणसं आहेत, हे मला तेव्हाच कळलं बघा.

बुधवारी माझी पाळी. मी ऐटीत वाचलं, "गुळाच्या पाण्यात खत कालवावे, बियाण्याला चोळावे, बियाणे वाळवावे व पेरावे."

ठण. देढियाभाई.

"शालूबेन, वाळवावे कुठे?"

"कुठे म्हणजे? अंगणात."

"उन्हात?" त्यांनी ठेपला खाली ठेवला. "अरे बेन, उन्हात जिवाणू मरून जाणार ना! सावलीत पाहिजे. खेडूतची मेहनत फुकट."

मी घाईने साहेबांचा मूळ कागद काढून पाहिला. इंग्रजी कागदावर 'सावलीत' होतं, माझ्या हातून सुटलं होतं. शनिवारी शेतकरी यायचे होते आणि छापून आलेले गठ्ठे स्टॉलमागे रचलेले. साहेब मला ठेवतील कशाला? मालाडच्या घरी सासू, दोन पोरं, नवऱ्याची गिरणी संपापासून बंद.

मी बाईंना हळूच म्हटलं, "कोणाला कळणार नाही ना? पीक नाही आलं तर लोक पावसाला नावं ठेवतील."

बाई रागावल्या नाहीत. माझ्यापुढे सोलकढीची वाटी सरकवून म्हणाल्या, "चूक कागदार आसा गे, तुझ्या कपाळार नाय. पी ही, आणि जा, सांग साहेबाक. मी दारात उभी रवतंय."

आणि राहिल्या. साहेबांनी मला यथेच्छ झापलं. मग विचारलं, "पकडली कोणी?"

"देढियाभाईंनी."

"त्यांच्या माणसाने?" तो मनुष्य चूप बसला असता तर हंगामभर आमचंच खत बदनाम झालं असतं. ते साहेबांनाही कळलं.

पुन्हा छापायला वेळ नव्हता. बाईंनी अंधेरी स्टेशनजवळच्या शिक्केवाल्याकडून रबरी शिक्का करून आणला : 'सावलीत वाळवा, उन्हात नको'. गुरुवार-शुक्रवार दोन्ही दुपारी जिन्याखालची सगळी मंडळी आमच्या पत्रकांवर शिक्का मारत बसली. देढियाभाईंची बोटं जांभळी झालेली, आणि नेमके त्यांचे साहेब जिना उतरले. देढियाभाईंनी हात पाठीमागे घेतले. साहेबांनी एक पत्रक उचललं, वाचलं, म्हणाले, "वाकडा आला आहे. सरळ मारा जरा," आणि निघून गेले.

शनिवारी शेतकऱ्यांनी पत्रकं नेली. माझी नोकरी टिकली. पुढे कित्येक वर्षं महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही बाईंच्या कंपनीच्या कँटीनमध्ये डबे घेऊन जमत होतो. लिफ्टमन आम्हाला 'झाकणवाले' म्हणायचा. नव्याने लागलेली मुलं कागद घेऊन यायची, वाजवून घ्यायची आणि शहाणी होऊन जायची.

निवृत्तीनंतर बाई चारकोपला राहायला गेल्या. एका दुपारी निरोप आला, म्हणून मी गेले. पलंगावर इवल्याशा झालेल्या. भाचीने डॉक्टरांचा कागद माझ्या हातात दिला आणि ती स्वयंपाकघरात डोळे पुसायला गेली.

"वाच गे."

मी वाचायला लागले. मोठमोठे इंग्रजी शब्द तसेच ठेवले, मधलं थोडं गाळलं, शेवटी "विश्रांती घ्यावी" असं पदरचं जोडलं.

उशाशी झाकण घातलेली पेजेची वाटी होती. बाईंनी चमचा उचलला आणि तिच्या झाकणावर वाजवला. ठण.

"शालू, माका कळात असा वाच."

मी कागद मांडीवर ठेवला, त्यांचा हात धरला. "बाई, औषधाने आता आजार बरा होणार नाही. दुखायचं तेवढं कमी होईल. दिवस थोडे आहेत."

त्यांनी चमचा खाली ठेवला.

"आता कळला," म्हणाल्या. "बरा लिवतंस हां तू."