टँकवरून उतरलो ते सहा आठवडे

काश्मीरमधली अडीच वर्षं संपवून मी सप्टेंबरात नगरला पोस्टिंगवर आलो. रँक दफादार, ट्रेड टँक ड्रायव्हर. पायदळात ज्याला हवालदार म्हणतात त्याला आमच्या रणगाड्यांच्या दलात दफादार म्हणतात. काम इन्स्ट्रक्टरचं होतं. फॅमिली क्वार्टर मिळाली. अकोले तालुक्यातल्या आमच्या गावाहून सुनंदा, माझी बायको, तांदळाची दोन पोती घेऊन आली. वीस वर्षांच्या नोकरीत इतकं सोपं पोस्टिंग मला मिळालं नव्हतं.

पाचला उठायचं, सहाला पीटी, आठला फर्स्ट परेड. म्हणजे टँकचं तेल, पाणी, ट्रॅकची तपासणी. साडेआठ ते एक रेंजवर ड्रायव्हिंग. चारला मेंटेनन्स, सातला मोकळा. दहा वाजता अंथरुणावर पडायचो आणि पहाटे पाचपर्यंत डोळे उघडे. डोळा लागलाच तर तीनच्या सुमारास, तोही अर्धा-पाऊण तास.

मी कोणाला सांगितलं नाही. सुनंदाला सांगायची गरजच नव्हती. तिने आधी जायफळ घातलेलं दूध दिलं. मग काशाच्या वाटीने तळपायांना तेल चोळलं. मी संध्याकाळी जास्तीचे पाच किलोमीटर पळून पाहिलं. रम घेऊन पाहिली. रमने दहाला झोप यायची, पण बाराला उडाली की उडालीच. एकापासून हजारपर्यंत आकडे मोजले, उलटे मोजले.

"झोपायचंय म्हनून तुमी इतकं झटता," सुनंदा एकदा म्हणाली, "की बघूनच माझी झोप जाती."

असे चार महिने गेले.

जानेवारीत ऑफिसरांच्या एका कोर्ससाठी रेंजवर डेमॉन्स्ट्रेशन होतं. टँक मी चालवत होतो. वर कमांडरच्या जागी रिसालदार शिंदे. ते कोपरगावचे, आमच्या ट्रूपचे, म्हणजे टँकांच्या तुकडीचे, सर्वांत सीनियर जेसीओ, जवान आणि ऑफिसर यांच्या मधल्या रँकचे. ड्रायव्हर टँकच्या पुढच्या भागात एकटा बसतो आणि बाकी क्रूचं बोलणं हेडसेटवर ऐकतो. वेळ अकरा वीस. थंडीचं ऊन, सपाट माळ, चुन्याने आखलेली लेन. अडथळे संपले होते. शेवटचे चारशे मीटर सरळ जायचं होतं.

त्या सरळ रस्त्यावर माझा डोळा लागला.

"ड्रायव्हर, राइट." मला ऐकू आलं नाही.

"ड्रायव्हर, राइट! हॉल्ट! साळवे, हॉल्ट!"

माझं नाव ऐकून मी जागा झालो आणि ब्रेकवर उभा राहिलो. चाळीस टनांचा टँक नाक खाली घालून थांबला. लेन सोडून तो डावीकडे गेला होता आणि समोर पाण्याचा ट्रेलर होता. ट्रेलरच्या नळाशी दोन जवान बाटल्या भरत होते. त्यांच्यात आणि टँकमध्ये सात-आठ मीटर अंतर राहिलं होतं. एकाच्या हातातली बाटली खाली पडली होती.

शिंदे साहेबांनी टँक बंद करायला लावला, खाली उतरले आणि माझ्या हॅचजवळ, ड्रायव्हरच्या झाकणापाशी, आले.

"डोळा लागला?"

"हो साहेब."

"कवापासून चाललंय हे?"

"चार महिने."

त्यांनी वळून ट्रेलरकडे पाहिलं. मग म्हणाले, "रिपोर्ट मी लिहिनार. दोन पोरं मेली असती. पन रिपोर्टात काय लिहायचं ते डॉक्टर सांगंल. चल एमआय रूमला."

एमआय रूम म्हणजे युनिटचा दवाखाना. मेडिकल ऑफिसर होत्या कॅप्टन कुलकर्णी, तिशीच्या आतल्या. त्यांनी ब्लडप्रेशर घेतलं, डोळे पाहिले आणि शिंदे साहेबांना बाहेर बसायला सांगितलं.

"अंथरुणावर पडल्यावर काय होतं?" त्यांनी विचारलं.

"झोप येते मॅडम. पण ती आली की मी दचकून जागा होतो."

"कशाने?"

ते मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांना सांगितलं.

काश्मीरला आम्ही टँक सोडून पायदळासारख्या ड्युटीवर होतो, कड्यावरच्या एका पोस्टवर सात जण. त्यात लान्स दफादार रफिक शेख, श्रीगोंदा तालुक्याचा. दोघंही नगर जिल्ह्याचे, म्हणून आमचं जमलं. पहिल्याच वर्षी, जुलैतल्या एका रात्री मी अठरा तासांच्या पेट्रोलवरून परत आलो. पहाटे दोन ते चार रफिकची सेंट्री ड्युटी होती. चार ते सहा माझी. चारला त्याने मला उठवायचं होतं. त्याने उठवलं नाही. मागच्या बाजूच्या सेंट्रीने त्याला विचारलंही होतं. रफिक त्याला म्हणाला, "सोने दे उसको. छह बजे तक मैं हूँ."

पाच दहाला नाल्यातून फायर आला. रफिकने उलट फायर केला, आरोळी दिली आणि अर्धं मॅगझिन रिकामं केलं. त्या फायरमुळे आम्ही सहा जण वेळेत मोर्चावर पोहोचलो. पोस्ट पडली नाही. मी त्याच्याजवळ पोहोचलो तेव्हा पाच चौदा झाले होते. गोळी मानेत लागली होती. रेडिओवर हेडक्वार्टरशी मीच बोललो. अल्फा ते, चार्ली टू आम्ही.

"अल्फा, चार्ली टू. कॉन्टॅक्ट. वन कॅज्युअल्टी. ओव्हर."

"चार्ली टू, अल्फा. नाव सांगा. ओव्हर."

"लान्स दफादार रफिक शेख. ओव्हर."

कॅप्टन कुलकर्णींनी हे सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या जागेवर तुम्ही असायला हवे होतात, असं तुम्हाला वाटतं."

"ड्युटी माझी होती मॅडम."

"त्याच्या घरी गेला होतात?"

"नाही." दोन वेळा सुट्टीवर आलो होतो. श्रीगोंद्याची गाडी नगरच्या स्टँडवर समोर लागलेली पाहिली होती. चढलो नव्हतो.

त्यांनी कागद ओढला. "सहा आठवडे टँक बंद. सहा आठवड्यांनी मी तपासेन आणि शिंदे साहेब टेस्ट घेतील. पास झालात तर टँक तुमचा. नाही तर मेडिकल कॅटेगरी खाली येईल आणि ट्रेड बदलेल. गोळ्या मी देणार नाही, ऑर्डर देते. त्या ऑर्डरसारख्याच पाळायच्या."

ऑर्डर अशा होत्या. रात्र कशीही जावो, पाचला उठायचं. रविवारीसुद्धा. दुपारी आडवं व्हायचं नाही. जेवणानंतर चहा नाही, रम नाही. रात्री बाराच्या आधी अंथरुणाकडे जायचंच नाही, आणि बारालाही डोळे मिटू लागले तरच. पडल्यावर झोप आली नाही तर तळमळत राहायचं नाही. उठून खुर्चीवर बसायचं, मंद दिव्यात कंटाळवाणं काहीतरी करायचं, पेंग आली की परत जायचं. घड्याळ दुसऱ्या खोलीत. आणि संध्याकाळी सात ते सव्वासात वहीत जे डोक्यात येतं ते लिहून काढायचं. सव्वासातला वही बंद.

श्वासाचंही एक शिकवलं. पायाची बोटं घट्ट आवळायची, सोडायची. मग पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, जबडा. सोडताना श्वास लांब सोडायचा. मला ते टँकच्या तपासणीसारखं वाटलं, एकेक भाग बघत वर जायचं. म्हणून लगेच जमलं.

पहिला आठवडा वाईट गेला. बारा ते पाचमध्ये मी चार-चार वेळा खुर्चीवर जाऊन बसलो. कंटाळवाणं काम म्हणून सुनंदाने तांदळाने भरलेलं पाखडायचं सूप पुढ्यात ठेवलं. दोन पोती तांदूळ मी त्या महिन्यात निवडले. दिवसा स्टोअरमध्ये टूल मोजायची ड्युटी होती. माझ्या हाताखालचे ड्रायव्हर टँक घेऊन रेंजवर जायचे आणि मी दारातून धूळ बघायचो. दुसऱ्या आठवड्यात सलग तीन तास झोप लागली. कॅप्टन कुलकर्णींनी ते माझ्या मेडिकल कार्डावर लिहिलं आणि मान डोलावली.

पण सात ते सव्वासातला वहीत एकच नाव येत होतं. तिसऱ्या आठवड्यात ते लिहिलेलं मी वाचलं आणि रविवारी सकाळी श्रीगोंद्याच्या एसटीत बसलो. कारखान्याचा हंगाम होता, रस्ताभर उसाच्या बैलगाड्या.

रफिकचं घर मळ्यात होतं. वडील गेल्या वर्षी वारले होते. आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी नाव सांगितलं.

"साळवे? अकोल्याचा? त्याच्या चिठ्ठीत असायचं तुजं नाव. बस."

मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. ड्युटी माझी होती, मी झोपलो होतो, त्याने उठवलं नाही.

त्यांचे हात थांबले. डोळ्याला पदर लावला. मग म्हणाल्या, "तो कुनालाच उठवायचा न्हाई रे. उसाला रातचं पानी द्यायची पाळी त्याच्या बापाची असायची. हा बापाला झोपू द्यायचा आन् सोता पान्याची दारं धरायचा. म्या रागावले तर म्हनायचा, अम्मी, मला जागता येतं, त्यास्नी येत न्हाई. तवा बारा-तेरा वर्साचा हुता. तुजं काय घेऊन बसलास, त्यो असाच हुता."

मी त्यांच्यासमोर खाली बसलो. "चाची" एवढंच म्हणालो.

"पाचजनांचं पत्र आलं मला. रफिकमुळं आमी हाय म्हनून. तुजंच आलं न्हाई. म्हटलं सहावा जगला का न्हाई." त्यांनी मला नीट बघून घेतलं. "जगला न्हवं? मग झालं. जेव आता."

भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी जेवलो. लिंबाखाली बाज होती, तिच्यावर पाय पसरून टेकलो. डॉक्टरची ऑर्डर आठवली. पाच मिनिटं टेकावं म्हटलं.

जागा झालो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि अंगावर गोधडी होती. चार तास. रफिकचा भाऊ सांगत होता की नगरची गाडी गेली, पण अम्मी कुणाला हाक मारू देईना. त्याने मला मोटरसायकलवर श्रीगोंद्याच्या स्टँडपर्यंत सोडलं. नगरला पोहोचलो, बारा वाजता पडलो आणि पाचला सुनंदाने हलवलं. पाच तास, सलग. ती चहा ठेवायला गेली आणि गाणं गुणगुणत होती. लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होतो.

सोमवारी एमआय रूममध्ये हजर झालो.

"दुपारी झोपलात?" कॅप्टन कुलकर्णींनी कार्डावरची माझी रविवारची नोंद पाहत विचारलं.

"हो मॅडम. चार तास. ऑर्डर मोडली."

"कुठे?"

"रफिकच्या घरी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ही एक मोडलेली चालेल. आजपासून परत बंद." वर बघितलं तेव्हा त्या हसत होत्या.

पुढे त्यांनी पडायची वेळ अलीकडे आणत नेली. साडेअकरा, अकरा, मग साडेदहा. सहाव्या आठवड्यात मी साडेसहा तास झोपत होतो. अधेमधे एखादी रात्र बिघडायची, पण तिची भीती उरली नव्हती. खुर्चीवर बसायचं, तांदूळ निवडायचे, परत जायचं.

टेस्टच्या दिवशी शिंदे साहेब वर, मी खाली. तीन तासांची टेस्ट, त्याच रेंजवर. खंदक, चढ, उतार, अरुंद पूल. शेवटी तोच चारशे मीटरचा सरळ माळ. मला प्रत्येक दगड दिसत होता. चुन्याच्या दोन रेघांच्या मधोमध टँक नेऊन उभा केला.

इंजिन बंद केलं. मग शिंदे साहेब हेडसेटवर म्हणाले, "साळवे, रेघेवर न्हाई गेलास रं कुठं. टँक तुजा."

खाली सगळा ट्रूप उभा होता. पाण्याच्या ट्रेलरजवळचे ते दोन जवानही आले होते. त्यांनीच मला हॅचमधून ओढून बाहेर काढलं आणि खांद्यावर घेतलं. शिस्तीत न बसणारी गोष्ट होती. शिंदे साहेबांनी दुसरीकडे पाहिलं. त्यांनी रिपोर्ट लिहिला होता, खरा लिहिला होता, आणि खाली त्यांच्या अक्षरात होतं: उपचार घेतले, ड्रायव्हर म्हणून पूर्ण फिट. पुढच्या वर्षी मी नायब रिसालदार झालो. पेन्शनवर येईपर्यंत मी शिकवलेल्या प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी विचारायचो, काल रात्री किती झोपलात? झोप झाली नाही असं खरं सांगणाऱ्याला त्या दिवशी टँक मिळायचा नाही, पण शिक्षाही व्हायची नाही.

दर जुलैत मी श्रीगोंद्याला जातो. चाची आता नाहीत. रफिकची कबर गावाच्या कडेला आहे. भाऊ गवत काढून ठेवतो, मी मिनिटभर सावधानमध्ये उभा राहतो आणि सॅल्यूट करतो. दगडावर नाव आणि रँक आहे. दगडावर नाही ते गावातली पोरं विचारतात, तेव्हा सांगतो. वय अठ्ठावीस. नेमबाजीत रेजिमेंटमध्ये पहिला. चहा फार गोड करायचा. पाच दहा ते पाच चौदा एकट्याने पोस्ट राखली. त्या पोस्टवरचे आम्ही सहाही जण म्हातारे झालो आहोत.