रेशनकार्डानं फोडलेली टीम

जिंकलेल्या टीमकडं फोटो असतात, हरलेल्या टीमकडं किस्से. आमच्या आखाडा बाळापूरच्या बास्केटबॉल टीमचा एकच फोटो आहे, तोही आमच्यातल्याच मारोतीच्या लग्नातला, आणि त्यात नवरदेवाचेच डोळे मिटलेले. किस्से मात्र विचारू नका. टपरीवर कुणी नुसतं 'बास्केट' म्हटलं की चार जण चार बाजूंनी सुरू होतात आणि ज्याच्या त्याच्या किस्स्यात तोच हिरो असतो! ऐकून ऐकून माझं डोकं उठतं. म्हणून आज मी सांगतो. मी त्या टीमचा सहावा गडी. खेळलो कमी, बेंचवर बसून पाहिलं जास्त. त्यामुळं माझ्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

* * *

नव्याण्णव साली हिंगोली जिल्हा झाला, त्या दिवशी बाळापुरात पेढे वाटले, फटाके वाजले. आम्हीही वाजवले. कागदासाठी परभणीला खेटे घालायचं संपलं म्हणून सगळे खूश. पुढच्या आठवड्यात जिल्हा टीमबद्दलचं पत्र आलं आणि आमचे चेहरे उतरले. तोवर आमची अख्खी टीम परभणी जिल्ह्याच्या नावानं खेळायची. आता ज्याचं रेशनकार्ड ज्या जिल्ह्यातलं, त्यानं त्या जिल्ह्याकडून खेळायचं. अकरा जणांतले सहा इकडं, पाच तिकडं. आपण नेमके कशाचे फटाके वाजवले, ते तेव्हा कळलं.

सगळ्यात वाईट झालं ते शेषा आणि बब्याचं. शेषराव डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरचा. बाबाराव, म्हणजे बब्या, पूर्णेचा. आठ वर्षं दोघं एका टीममध्ये, एका ताटात जेवणारे. शेषा आता हिंगोलीचा, बब्या परभणीचा.

बब्या हॉटेलात बसून म्हणाला, "मी कार्डच इकडं करून घेतो. काय तकलीफ हाय त्याच्यात?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं बब्याचा बाप हजर. कार्ड पिशवीत, पिशवी काखेत. शेषाला जवळ बसवून म्हणाला, "लेकरा, तुझ्यासाठी कायबी करीन. पण घरातलं राकेल बंद झालं तर बब्याची माय मला उंबऱ्याच्या आत घेणार न्हाई."

विषय संपला.

आता शेषाचं काय अडलं होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. विभागाच्या लीगमधून पहिल्या दोन टीम राज्याला जायच्या. राज्याला खेळलेल्याला सर्टिफिकेट मिळायचं, आणि सर्टिफिकेटवाल्याला पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर अर्ज करता यायचा. आठ वर्षांत आम्ही कधी तिसरे आलो, कधी चौथे. दुसरे कधीच नाही. बब्या तोवर रेल्वेत चिकटला होता, त्याला सर्टिफिकेटची गरज नव्हती. शेषाला होती, आणि वयाच्या हिशेबानं त्याचं ते शेवटचं वर्ष होतं. त्यानंतरच्या भरतीत तो वयात बसत नव्हता. तो हे कुणापुढं बोलायचा नाही. पण आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यामुळं त्या सीझनला साधा बॉल हातातून सुटला तरी आम्ही आधी शेषाकडं बघायचो.

* * *

जुने सर परभणीकडं राहिले. आमच्या वाट्याला आले कदम सर. माणूस सोन्यासारखा, पण सगळी हयात खो-खो शिकवण्यात गेलेली. पहिल्या दिवशी रिंगकडं बघत म्हणाले, "हे एवढं वर काहून टांगलं?"

पास द्या म्हणायचं सरांच्या जिभेवर कधी बसलंच नाही. ते लाइनीवरून ओरडायचे, "खो दे, खो दे!" आठ दिवसांत आम्हाला सवय झाली. सांगायला हवं, सरांमुळं आमचे पाय हरणासारखे झाले. पण नियमांच्या नावानं सगळा उजेड होता.

पहिला सामना. शेवटची तीन मिनिटं, बरोबरी, आणि आमची पोरं दमून गेलेली. टाइम-आउट मागता येतो हे सरांना ठाऊकच नव्हतं. ते उठले आणि सरळ चालू खेळात कोर्टाच्या मध्यभागी जाऊन उभे राहिले.

रेफरी म्हणाला, "सर, आत येता येत नाही."

"माझी लेकरं दमून राहिली, तर मी येनार न्हाई तर कोन येईल?"

टेक्निकल फाउल. समोरच्यांना दोन फ्री थ्रो, दोन्ही आत. सामना आम्ही दोनच पॉइंटांनी हरलो.

परतीच्या एसटीत सर शेषाशेजारी बसले.  बाळापूरला उतरताना शेषाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "ते नियमाचं पुस्तक कुठं भेटंल रे?"

* * *

हरण्याचं अर्धं कारण सर, तर अर्धं कारण सिमेंट. आमचं मैदान मुरमाचं. तिथं बॉल आपटला की कसाबसा गुडघ्यापर्यंत यायचा. बाहेरच्या सिमेंटच्या कोर्टावर तोच बॉल छातीपर्यंत उसळायचा आणि आमची पोरं खाली वाकून हवा पकडायची. लोक हसायचे.

सिमेंट आणायचं कुठून? सरांना जवळा बाजारचा मोंढा आठवला. तिथं धान्याच्या लिलावाचा लांबलचक ओटा आहे. सोयाबीनच्या गाड्या यायला आठ वाजायचे. आम्ही साडेपाचला ओट्यावर. पंधरा दिवस रोज पहाटे निघायचं, थंडी अशी की बॉल हाताला लागला की झिणझिण्या यायच्या.

समोर अडवायला माणसं कमी पडायची म्हणून सरांनी मोंढ्यातले हमाल उभे केले. दणकट गडी, पाठीवर पोतं घेऊन पळणारे. त्यांना सांगितलं, फक्त या शेषाला पुढं जाऊ द्यायचं नाही. एकदा शेषा दोघांच्या मधे असा दाबला गेला की ओट्यावरून खाली मातीत. कोपर फुटलं.  हाड मोडलं असतं तर सीझनही गेला असता आणि भरतीही. शेषानं कोपर झटकलं, परत वर चढला आणि पुढच्या तीन वेळा त्यांच्या मधून निघून गेला.

हमालांचा म्होरक्या धापा टाकत सरांना म्हणाला, "गुरुजी, क्विंटलाचं पोतं सांगा, हालू देनार न्हाई. पन पोतं पळत नसतंय वो."

* * *

ड्रेसचा किस्सा लहान आहे. जुने ड्रेस परभणीच्या नावाचे, चालणार नव्हते. नवे शिवायला दिले गावातल्या रशीदभाईंकडं. आले तेव्हा प्रत्येक बनियनच्या छातीवर खिसा.

शेषा म्हणाला, "भाई, खेळायच्या बनेनला खिसा कशाला?"

"बिना जेब का कपडा मैंने आज तक नहीं सिया," रशीदभाई म्हणाले, आणि वर मशीन चालवायला लागले. पुढं बोलणार कोण?

दुसऱ्या सामन्याच्या दहा मिनिटं आधी रेफरीनं हरकत घेतली. खिशात बोट अडकून मोडतं, खिसे बंद करा, नाहीतर ड्रेस काढा. दुसरे ड्रेस कुठून आणायचे? सामना सोडून द्यायची पाळी. मग प्रेक्षकांतल्या एका बाईकडून सुईदोरा मिळवला आणि पाच जणांच्या छातीवर वाकून मी टाके घालत बसलो आणि रेफरी घड्याळ दाखवत उभा. एकाला सुई टोचली तर तो ओरडलासुद्धा नाही.

तो सामना आम्ही जिंकलो. शेषाच्या खिशात भरतीच्या जाहिरातीचं कात्रण होतं, ते आतच शिवलं गेलं. काढून देतो म्हणालो तर म्हणाला, "राहू दे. तितं बराबर हाय."

* * *

तिसऱ्या सामन्याला जाताना एसटी वसमतच्या अलीकडं बंद पडली. ड्रायव्हर बॉनेट उघडून आत बघायला लागला, म्हणजे आम्ही काय ते समजलो. सामना चारला. हरलो तर सगळं खलास. आणि ठरलेल्या वेळेला पाच गडी मैदानावर नसतील तर न खेळताच हरलात!

एक जीप आली. आत आधीच बायाबापडे, कोंबड्या, एक शिलाई मशीन. ड्रायव्हर म्हणाला, "पाच घेतो, सहावा न्हाई." सरांनी आमच्याकडं पाहिलं आणि मी समजलो. सहावा मीच की!

सरही थांबले. सर थांबले म्हटल्यावर मला बरं वाटलं, आणि लगेच घाबरलो. तिकडं टाइम-आउट कोण मागणार? सर म्हणाले, "शेषाकडून पुस्तक पाठ करून घेतलं हाय." आम्ही दोघं बाभळीखाली बसलो. चार वाजले. साडेचार वाजले. सर दर पाच मिनिटांनी विचारायचे, "आता काय झालं असंल?" मी म्हणायचो, "सर, मला इथून कसं दिसंल?" शेवटी माझा आवाज चढला.  मला अजून त्याचं वाईट वाटतं.

एसटी सुरू होऊन आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा तिथं चिटपाखरू नव्हतं. जाळी नुसती हलत होती. सरांचं तोंड पांढरं पडलं. तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या हॉटेलातून मारोती ओरडला, "सर, भजे गरम हायत तवर या!"

हरलेली माणसं भजी खात नसतात. सर तिथंच मैदानावर खाली बसले.

* * *

आता शेवटचा सामना. नांदेडला, भर दुपारी. जो जिंकेल तो दुसऱ्या नंबरवर, म्हणजे राज्याला. जो हरेल तो घरी. आणि समोर कोण? परभणी. म्हणजे आमचेच पाच जण, आमच्या जुन्या ड्रेसात.

वॉर्मअपला शेषा आणि बब्या एकमेकांकडं बघेनात. सरांनी शेषाला सांगितलं, "बब्यावर तूच." तिकडून आमच्या जुन्या सरांनी बब्याला सांगितलं असणार, "शेषावर तूच." दोघांना एकमेकांची प्रत्येक हालचाल माहीत. शेषा डावीकडं झुकायच्या आधी बब्या तिथं उभा. बब्या हात उचलायच्या आधी शेषाचा हात वर. हाफ टाइमपर्यंत दोघांचे मिळून चार पॉइंट. बाकीचे नुसते ढकलाढकली करत स्कोअर ओढत होते.

या जोडीचा एक जुना डाव होता. शेषा डाव्या बाजूनं घुसायचा, दोन गडी अंगावर घ्यायचा आणि न बघता रिंगच्या उजव्या अंगाला बॉल टाकायचा. तिथं बब्या असायचाच. तो बॉल घ्यायचा, वळायचा, आत टाकायचा. आठ वर्षांत किती वेळा झालं असेल, देव जाणे. त्याला हाक लागत नव्हती की खूण.

बारा सेकंद राहिले, आम्ही एका पॉइंटनं मागं. बॉल आमचा. सरांनी टाइम-आउट मागितला, अगदी बरोब्बर, पुस्तकात लिहिल्यासारखा. सर म्हणाले, "बॉल शेषाकडं. बाकीच्यायनी फक्त वाट मोकळी करा." शेषानं पाण्यानं चूळ भरली आणि उठला.

खेळ सुरू झाला. मारोतीनं बॉल शेषाला दिला. बब्या त्याच्या पुढ्यात होता, पण मारोतीनं मधे अंग घातलं आणि बब्या मागं पडला. शेषा डावीकडून घुसला. बब्या मागं सरत सरत रिंगपाशी जाऊन उभा राहिला, रिंग वाचवायला, उजव्या अंगाला. दोन गडी शेषाच्या अंगावर आले. मी बेंचवरून उठलो. माझ्या शेजारी कदम सर पुटपुटत होते, "खो दे लेकरा, खो दे."

शेषानं न बघता बॉल उजवीकडं टाकला.

बब्याच्या हातात.

 बब्यानं बॉल घेतला, वळला आणि आत टाकला. त्यालाच वाचवायच्या रिंगमध्ये. जाळीचा आवाज मला बेंचपर्यंत आला. त्याच्या टीमचे बाकीचे चौघं डोक्याला हात लावून उभे. ते दोन पॉइंट आमचे होते! आम्ही राज्याला! मारोती धावत सुटला, मी सरांच्या गळ्यात पडलो.

रेफरी मात्र हात हलवत होता. वेळ संपल्याची शिटी वाजली तेव्हा बॉल बब्याच्या हातातच होता. बास्केट रद्द. टेबलावरच्या दोघांनीही तेच सांगितलं. सरांनी पुस्तक काढलं, पान शोधलं, वाचलं आणि मिटून खिशात ठेवलं. रेफरीचं बरोबर होतं. आम्ही एका पॉइंटनं हरलो.

लोक पांगले. शेषा रिंगखाली पाय पसरून बसला होता. मी पाणी घेऊन गेलो, त्यानं घेतलं नाही. थोड्या वेळानं बब्या आला आणि त्याच्या बाजूला बसला. टीम फुटल्यापासून बोलले नव्हते दोघं.

"काहून दिला बे मला?" बब्या म्हणाला.

"तितं तूच राहतू ना."

मी बाटली हातात धरून तसाच उभा. शेषानं मान वर केली.

"आन् तू काहून टाकला?"

बब्या म्हणाला, "तू दिला म्हणून."