बाबांच्या बोटीवरची कुईंकुईं

मंडळी, आज अंधेरीत एका साखरपुड्याला कांबळेकाका भेटले. साकीनाक्याला त्यांचं स्टिरिओ दुरुस्तीचं दुकान होतं.

गोष्ट पंच्याऐंशी-शहाऐंशीची. आम्ही वर्सोव्याचे. बाबांनी हौसेने मासेमारीच्या बोटीवर रेडिओवाला स्टिरिओ बसवला होता. पण इंजिन सुरू केलं की स्पीकरमधून नुसती कुईंकुईं. हवामानाच्या बातम्यासुद्धा ऐकू येईनात.

बाबांनी बोलावल्यावर काका सुट्टीच्या दिवशी बोटीवर आले. इंजिनचा वेग वाढवला की आवाजही चढतो, हे त्यांनी लगेच हेरलं. "स्पीकर झकास आहेत रे, इंजिनचा करंट स्टिरिओत घुसतोय," ते बाबांना म्हणाले. स्टिरिओची अर्थिंगची वायर इंजिनला जोडलेली होती. ती काढून त्यांनी थेट बॅटरीला जोडली. आवाज गायब!

पुढच्याच आठवड्यात भर समुद्रात बाबांना वादळाचा इशारा स्वच्छ ऐकू आला. त्यांनी बोट वळवली. बोटीवरचे सहाही जण सुखरूप घरी आले.

बाबा आभार मानायला गेले, तोवर काकांचं दुकान हललं होतं, गाठ पडलीच नाही. आज मी काकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अगं, मी तर फक्त एक वायर हलवली होती."

मी त्यांच्या पाया पडले. तुमचंही कुणाला असं सांगायचं राहिलंय का?