व्हॉल्व्हला लावलेलं कुलूप

भर उन्हाळ्यात खांद्यावर लोकरीचा स्वेटर टाकून कामाला निघणारी बाई त्या गल्लीत एकच होती. त्यामुळे तिचं खरं नाव कधीच मागे पडलं आणि ती सगळ्यांची स्वेटरबाई झाली. पहिल्यांदा कुणीतरी चिडवायला हाक मारली, तेव्हा ती गर्रकन वळून म्हणाली होती, "हो, आहेच मी स्वेटरबाई. तुम्हाला घाम फुटलाय म्हणून जळताय का?" नाव चिकटलं ते चिकटलंच, पण चिडवायची कुणाची टाप राहिली नाही.

ती पहिल्यापासूनच तशी. वडिलांचं फ्रिजदुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारायचं, "पोरी, दुकानात कुणी माणूस नाही का?" ही म्हणायची, "मग मी काय मांजर आहे?" आणि सरळ फ्रिजच्या मागे हात घालायची. लग्न ठरताना तिनं होणाऱ्या सासूबाईंना सांगून टाकलं, "पाना काही मी सोडणार नाही." सासूबाईही काही कमी नव्हत्या. म्हणाल्या, "नको सोडूस. फक्त जेवणाच्या टेबलावर ठेवू नकोस."

पुढे तिला शहराबाहेरच्या डेटा सेंटरमध्ये नोकरी लागली. खिडक्या नसलेली लांबलचक इमारत, आत लोखंडी कपाटांच्या रांगा, कपाटांत कॉम्प्युटर. सासूबाईंना प्रश्न पडला, "पण तू तिथं करतेस काय?"

"गार ठेवते. लोकांचे फोटो, बँकांचे व्यवहार, सगळं त्या कॉम्प्युटरांत असतं. ते अखंड चालतात, म्हणून तापतात."

"मग पंखा लावावा."

"पंख्यानं भागत नाही हो. जमिनीखालून गार हवा सोडतो, ती कपाटांच्या पुढून आत शिरते आणि मागून गरम होऊन बाहेर पडते. ती गरम हवा पाण्याच्या नळ्यांवरून जाते, की उष्णता पाण्यात उतरते. ती मग यंत्रं ओढून छपरावर पोचवतात. तिथं मोठे मनोरे आहेत. त्यांतून पाणी खाली झिरपतं, थोडं वाफ होऊन उडतं, म्हणून उरलेलं गार होतं."

"म्हणजे एवढा खटाटोप करून शेवटी पाणीच उडवता," सासूबाई म्हणाल्या. "कुणाचं गं?"

"आमच्या बोअरचं," ती म्हणाली. तेव्हा ते खरं होतं.

त्या उन्हाळ्यात मात्र कंपनीनं कॉम्प्युटरांचा आणखी एक हॉल सुरू केला, बोअर आटली, आणि शहराच्या पिण्याच्या पाण्याच्या लाइनला एक जाडजूड पाइप जोडला गेला. "तात्पुरतं आहे," असं सांगण्यात आलं. दुपारी ऊन चढलं की त्याचा व्हॉल्व्ह उघडायचं काम स्वेटरबाईकडे आलं. ती उघडत राहिली.

मग गल्लीतले नळ दुपारी सुसकारे टाकू लागले. समोरच्या लाँड्रीवालीचे कपडे साबणात पडून राहायला लागले. एकदा तिनं स्वेटरबाईला रस्त्यातच गाठलं. दूर त्या इमारतीवर पांढरं काहीतरी तरंगत होतं, तिकडे बोट दाखवून ती म्हणाली, "ते ढग तर नाहीत ना?"

उत्तर देणं सोपं होतं. ती त्यांच्याच मनोऱ्यांची वाफ होती. स्वेटरबाई मात्र मान खाली घालून चालू लागली.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांसमोर उभी राहिली. साहेब इंजिनिअर, शांत माणूस, कामात पक्का.

"साहेब, हॉल थोडे उबदार चालू द्या. छपरावर कोरडी यंत्रं आहेत ना, नुसत्या पंख्यांवर चालणारी? पाणी लागणार नाही."

"मला माहीत आहे," साहेब म्हणाले. "कॉम्प्युटरांनाही सोसेल. पण ती यंत्रं वीज किती खातात! वरचे ऐकणार नाहीत."

"तुम्ही विचारलंत?"

साहेबांनी समोरचा कॉम्प्युटरचा पडदा न्याहाळायला घेतला. "तुमचं काम व्हॉल्व्ह उघडणं. वरच्यांशी बोलणं माझं."

"मग बोला तरी!"

साहेब पडद्यावरचे आकडेच वाचत राहिले. म्हणून मग तिनं पिशवीतून आपलं कुलूप बाहेर काढलं.

तिथं प्रत्येक कामगाराकडे स्वतःचं एक लाल कुलूप असे. यंत्रात हात घालण्याआधी बटणाला किंवा व्हॉल्व्हला ते लावायचं आणि किल्ली खिशात ठेवायची, म्हणजे आत माणूस असताना बाहेरून कुणी काही सुरू करणार नाही. ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं. या एका नियमावर तिथली माणसं धडधाकट घरी जात. स्वेटरबाईनं ते कुलूप पिण्याच्या पाण्याच्या पाइपच्या व्हॉल्व्हला लावलं आणि खाली पाटी अडकवली: "हे लोकांचं पिण्याचं पाणी आहे. उघडायचं नाही."

ऊन चढलं. मनोऱ्यांच्या टाकीतलं पाणी खाली जाऊ लागलं. साहेब धावत आले.

"किल्ली द्या."

"नाही देणार."

"हा काय तमाशा आहे? नियम दुरुस्तीसाठी आहे!"

"मग दुरुस्तीच चाललीय समजा."

साहेबांनी फिटरकाकांना कटर आणायला लावला. काका आले, कुलूप बघितलं, पाटी वाचली आणि कटर जमिनीवर ठेवला.

"काका, तोडा!"

"दुसऱ्याचं कुलूप मी तोडत नाही, साहेब. आधीच्या कारखान्यात एकानं तोडलं होतं. आत माझा भाऊ होता. त्याचा हात गेला." काका बाजूला सरकले. "तुम्हाला तोडायचं तर तुम्ही तोडा."

साहेबांनी कटर उचलला. स्वेटरबाई हलली नाही. "तोडा की," ती म्हणाली. "फक्त तोडताना पाटी मोठ्यानं वाचा."

कटरची तोंडं कुलपाच्या कडीला टेकली, तशीच राहिली. मग साहेबांनी तो धाडकन खाली टाकला, एक शिवी हासडली आणि ते कंट्रोल रूमकडे पळाले. ती त्यांच्या मागोमाग. तिला काही कॉम्प्युटर बंद पाडायचे नव्हते. कोरडी यंत्रं सुरू झाली, पंख्यांचा गडगडाट भिंतींतून जाणवू लागला. साहेब तापमानाचा आकडा जपून वर नेत होते. ती हॉलमध्ये फिरत जमिनीतल्या फटी बंद करत होती, म्हणजे गार हवा वाया जाऊ नये. धोक्याची घंटा दोनदा वाजली. दोघांनी एकमेकांकडे बघितलंही नाही. संध्याकाळपर्यंत हॉल कोंदट झाला होता, पण एकही कपाट बंद पडलं नव्हतं.

घरी जायच्या आधीच वरून हुकूम आला. तिला कामावरून काढलं होतं. आपलं कुलूप आपणच काढायचं, म्हणून जाताना तिनं ते काढून खिशात टाकलं.

नवऱ्यानं डोक्याला हात लावला. "अगं, निदान मला विचारायचं तरी!"

"तू नको म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो!"

"म्हणून नाही विचारलं."

सासूबाई आतून म्हणाल्या, "तिला आधी जेवू दे, मग भांडा."

फिटरकाकांनी पाटीचा फोटो काढला होता. तो गल्लीत फिरला आणि लाँड्रीवाली न धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन पाणीखात्याच्या अधिकाऱ्याच्या टेबलावर जाऊन बसली, तिच्यामागे सगळी गल्ली. गाठोड्याला असा वास मारत होता की अधिकाऱ्याला निर्णय लांबणीवर टाकता येईना. पिण्याच्या पाण्याचा पाइप तोडला गेला. कंपनीला सांडपाणी शुद्ध करून मनोऱ्यांना पुरवायची सोय करावी लागली. तोवर कोरडी यंत्रं चालवावी लागली, वीजही जास्त जळली, आणि त्याबद्दल वरचे कुरकुरले ते कुरकुरलेच.

पावसाळा सरल्यावर साहेब स्वतः घरी आले. "परत या. मी वरच्यांना तयार केलंय. फक्त एवढंच म्हणा की कुलूप चुकून लागलं."

"चुकून नाही लागलं. मी लावलं."

"शब्दच आहेत हो नुसते."

"मग तुम्ही तुमचे बदला. म्हणा, तिनं लावलं ते बरोबर केलं."

साहेबांनी कपातला चहा संपवला. उठताना म्हणाले, "मी तोडायला हवं होतं खरं तर. का तोडलं नाही, कुणास ठाऊक." आणि गेले.

तिला भाजीपाल्याच्या शीतगृहात काम मिळालं. पहिल्या दिवशी मालक तिला थंड खोल्या दाखवायला घेऊन गेले. तिनं दार आतल्या बाजूनं चाचपून बघितलं.

"हे आतून उघडत नाही."

"आजवर कुणी तक्रार केली नाही," मालक म्हणाले.

"आता केली. मूठ बसवा, तोवर मी आत पाऊल ठेवत नाही," असं म्हणून ती बाहेरच्या बटाट्याच्या पोत्यावर हाताची घडी घालून बसली. मालकांनी थोडा वेळ वाट बघितली, मग खिशातून फोन काढला आणि सुताराला बोलावलं.