तिसऱ्या माणसाचा नंबर

सुकेशनीचं आणि माझं सुरुवातीपासून पटलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी वैजीनाथ, लाइनमन, एकतीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलेला. ती ताडकळस रस्त्यावरच्या आमच्या वीज उपकेंद्रात ऑपरेटर म्हणून आली तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांची. तिचे वडील सितारामभाऊ दरसाल ऊसतोडीला जायचे, पण पोरीच्या हातात त्यांनी कोयता येऊ दिला नाही, परभणीला आयटीआयला घातलं. पोरगी हुशार, त्यात वाद नव्हता. पण ऊठसूट 'नियमानं चला काका' म्हणायची, ते मला झोंबायचं.

आमचं काम तसं सरळ. बिघाड झाला की लाइनमन ऑपरेटरला फोन करून लाइन बंद करून घेतो. काम झालं की परत फोन, 'सगळे उतरले, सोड लाइन.' ऑपरेटर बटन दाबतो. मधला सगळा कारभार भरवशावर. शिवाय आमच्याकडे एक रीत आहे, कुठल्याही कागदावर न सापडणारी. लाइनमनबरोबर एक झिरो वायरमन असतो. गावातलाच हुन्नरी माणूस. पगारपत्रकावर नाव नाही, म्हणून झिरो. खांबावर सगळ्यात जास्त तोच चढतो.

दत्ता आमचा झिरो होता. चार वर्षांपूर्वी मीच सुकेशनीला फोन केला, 'सगळे उतरले.' माझ्या डोक्यात सगळे म्हणजे मी आणि बजरंग, दोघे पगारी. दत्ता पुढच्या खांबावर होता. तिनं लाइन सोडली. दत्ता वाचला, पण डावा हात कोपरापासून गेला. चौकशीत त्याचं नावसुद्धा आलं नाही, कारण तो तिथं होता असं कुठं लिहिलेलंच नव्हतं. मी गप्प बसलो. त्याची मला आजही लाज वाटते. सुकेशनी मात्र महिनाभर त्याच्यासाठी दवाखान्यात डबा नेत होती.

पुढं वरून ठरलं, लाइन बंद-चालू करायला सॉफ्टवेअर आणायचं. त्यात कोणत्या सोयी हव्यात हे ठरवायला आम्हाला परभणीला बोलावलं. पडद्यावर एकेक सोय दाखवत होते. रंगीत नकाशा, मराठीत बोलणारी सूचना, बटन दाबण्याआधी 'खात्री आहे का?' असं विचारणारी चौकट. त्या चौकटीवर सगळे खूश. माना डोलल्या, माझीपण डोलली.

सुकेशनी उभी राहिली. "साहेब, खात्री विचारून काय उपयोग? दत्ताच्या वेळी मला विचारलं असतं तरी मी हो म्हणले असते. मला खात्रीच होती."

विभागाचे साहेब म्हणाले, "मग काय पाहिजे?"

"वर जाणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलवर वेगळा नंबर जावा. खाली उतरल्यावर तो ज्याचा त्यानंच सांगायचा. सगळे नंबर भरल्याबगर बटन उघडू नये. आणि मदतनिसाच्या नावाला एक रकाना पायजे."

"जो माणूस कागदावर नाही, तो सॉफ्टवेअरमध्ये कसा घालणार?"

"खांबावर तर असतोय ना, साहेब."

मग मीच तोंड उघडलं, "ह्यानं लाइन सुटायला तास लागंल. लोकं आमाला बडवतील." तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी खाली बसलो. अखेर नकाशा वगळला, तिचे नंबर आणि रकाना ठेवला. पण फक्त आमच्या उपकेंद्रात, तेही करून बघू म्हणून.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. घरी करमेना. बजरंगचा नवा जोडीदार प्रीतम, त्याला आमच्या लाइनी ठाऊक नाहीत, म्हणून मी सोबत जाऊ लागलो. म्हणजे आता मीच झिरो! सुकेशनीनं माझं नाव मदतनिसाच्या रकान्यात घातलं तेव्हा मी चिडवलं, "माझ्यावर बी भरवसा न्हाई का बाई?"

"भरवसा हाय, म्हणूनच भ्या वाटतंय काका," ती म्हणाली.

जानेवारीतली दुपार होती, गव्हाला पाणी द्यायचे दिवस. काम उरकलं, चुकून वीज आली तर ती जमिनीत उतरवणाऱ्या अर्थिंगच्या साखळ्या बजरंगनं काढल्या. मला दोन खांब पुढं, उसाच्या आड, एक जंपर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, ढिला दिसला. कुणाला न सांगता मोटारसायकल घेऊन गेलो आणि चढलो. फोन डिकीतच. एकतीस वर्षांच्या अनुभवाचा शहाणा माणूस!

पुढचं मला मागून कळलं. बजरंगनं सुकेशनीला फोनवर नंबर सांगितला, प्रीतमनं सांगितला. तिसरा येईना. "काका जेवायला गेलेत, सोडा," बजरंग म्हणाला. तिनं नाही म्हटलं. लोकांचे फोन सुरू झाले, मग साहेबांचा आला. "कामाच्या परमिटवर कर्मचारी दोनच आहेत, दोघांचे नंबर आलेत. सॉफ्टवेअर राहू द्या, हातानं किल्ली लावून लाइन सोडा."

"तिसरं नाव हाय, साहेब. त्यांचा आवाज ऐकल्याबगर मी किल्ली लावणार न्हाई."

"लेखी खुलासा द्यावा लागेल."

"देते."

पस्तीस मिनिटांनी मी उतरलो. फोनवर तिचे बावीस कॉल. मी वैतागूनच लावला, "काय आग लागली का गं?"

पलीकडून बारीक, कापरा आवाज, "नंबर सांगा, काका."

मी सांगितला. मिनिटाभरात शेजारच्या विहिरीवरची मोटर सुरू झाली. मी मान वर करून मघाशी हातात धरलेला जंपर पाहिला आणि बांधावर बसलो.

दुसऱ्या दिवशी तिनं खुलासा लिहिला. दोनच ओळी. 'मदतनीस वैजीनाथ यांचा नंबर आला नव्हता म्हणून लाइन सोडली नाही. ते खांबावर होते.' साहेबांनी तो दोनदा वाचला. कागद ठेवून घेतला तर बिनपगारी माणूस खांबावर होता हे कबूल करावं लागणार होतं. त्यांनी पेन काढलं, सही केली आणि खाली लिहिलं, 'हीच पद्धत विभागातल्या सर्व उपकेंद्रांत लागू करावी.'

माझ्याकडे नेमणुकीचा कागद आहे, निवृत्तीचं प्रमाणपत्रही आहे. ती दोन्ही पेटीत आहेत. भिंतीवर मी त्या खुलाशाची झेरॉक्स लावली आहे, आणि घरी येईल त्याला छाती फुगवून सांगतो, ही आमची सुकेशनी. तिनं साहेबाचं ऐकलं नाही म्हणून मी तुमच्याशी बोलतोय.