निरोप गेला आहे

ऑफिसात तिला सगळे परवानगीताई म्हणत. चिडवायला म्हणत, पण नाव शोभायचं. मोबाईलचं नवं अ‍ॅप लोकांच्या हाती जाण्याआधी तपासायचं, हे तिचं काम. कॅमेरा वापरू का, मेसेज पाठवू का, असं अ‍ॅप विचारतं. ही कधी हो म्हणायची, कधी नाही. नाही म्हटल्यावर अ‍ॅप रुसून बंद पडतं की शहाण्यासारखं वागतं, ते बघायचं. वर्षानुवर्षं परक्यांच्या वतीने होकार-नकार देऊन तिचे स्वतःचे पार बोथट झाले होते. नवरा विचारायचा, "चहा घेणार?"

"चालेल."

"की नको?"

"तेही चालेल."

पुढे कामाची घाई वाढली. दर वेळी बोटाने हो-हो करत कोण बसणार, म्हणून टीमने सोय केली: तपासणी सुरू होण्याआधीच अ‍ॅपला सगळ्या परवानग्या देऊन टाकायच्या. अ‍ॅपं भराभर पास होऊ लागली. साहेब खूश, ही मोकळी. नकाराच्या वाटेला कोणी फिरकेना, आणि जिचं नावच परवानगीताई, तीही फिरकली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्याच दिवसांत म्हाताऱ्या माणसांसाठीचं एक अ‍ॅप तिने पास केलं. लाल बटण दाबलं की मुलांना मेसेज. आई एकटी राहायची, म्हणून तिच्या फोनवर ते हिने स्वतः घातलं, मेसेजची परवानगीही दिली. आईने पुढे कित्येक महिने ते उघडलं नाही. धडधाकट माणूस कशाला उघडेल? आता, अ‍ॅप फार दिवस नुसतं पडून राहिलं की दिलेली परवानगी फोन आपणहून काढून घेतो. हा नियम परवानगीताईला झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता.

आई स्वयंपाकघरात पडली. फोन गाऊनच्या खिशात होता. तिने लाल बटण दाबलं, पडद्यावर आलं, 'निरोप गेला आहे.' मग ती लेकीची वाट बघत फरशीवर पडून राहिली. शेजारणीकडे किल्ली असायची. ती संध्याकाळी डोकावली तेव्हा कुठे कळलं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

दवाखान्यात परवानगीताईला रडू आलं नाही. सह्या केल्या, गोळ्या आणल्या, ऑफिसला कळवलं. दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात ना, तशी ती आतून झाली होती.

"येशील वाटलं होतं गं," आई म्हणाली. "मेसेज तर गेला होता."

"मला आलाच नाही, आई."

"असू दे. कामात असशील."

आईने आपल्यावर विश्वास ठेवावा, एवढंच तिला हवं होतं. परवानगी नसली तरी अ‍ॅप 'निरोप गेला' म्हणतं, ही चूक तिने ऑफिसात नोंदवली आणि ती लगेच दुरुस्तही झाली. बैल गेला आणि झोपा केला.

आई घरी आल्यावर तिने आईचाच फोन हातात घेतला. "आता बघ हं," म्हणून परवानगी काढली, लाल बटण दाबलं. दुरुस्त झालेलं अ‍ॅप फोनवर आधीच येऊन बसलं होतं. पडद्यावर ठळक अक्षरं आली, 'निरोप जाऊ शकत नाही. परवानगी द्या.'

"सांगतोय की सरळ," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी परवानगीताईने ऑफिसचा फोन आणला. त्यात जुनं अ‍ॅप होतं. परवानगी काढून तिने बटण दाबलं. 'निरोप गेला आहे.' शेजारी ठेवलेला तिचा फोन गप्प.

"बघितलंस? खोटं बोलतो."

आईने फोनकडे पाहिलं, मग लेकीकडे. "हा तुमच्या ऑफिसचा ना? मग तुम्ही शिकवाल तेच बोलणार तो."

यात चूक तरी काय काढायची?

"आई, तो खोटं बोलतो का, हे तपासायचं काम माझं होतं. मी तपासलं नाही गं."

"पुरे आता." आईने तिच्या हातावर थोपटलं. "तू आली नाहीस, त्याचा राग मी केव्हाच सोडला. माफ केलं तुला."

जी चूक तिने केलीच नव्हती, तिची माफी न मागता मिळाली होती. केलेली चूक तशीच राहिली. परवानगीताईला ही माफी नको होती.

"बरं," ती म्हणाली, आणि आईची कूस बदलायला उठली.