कच्चा आहार आणि कमलबाई

मैत्रिणींनो, वजन उतरावं आणि उतरलेलं राहावं म्हणून आजपासून मी कच्चा आहार सुरू केला. काकडी, गाजर, मोड आलेले मूग. हे गेल्यापासून वसमतच्या घरात मी एकटीच, त्यामुळे कुणाची अडचण होईल असं वाटलंच नाही.

नऊ वाजता कमलबाई आल्या. बावीस वर्षं माझा स्वयंपाक त्याच करतात. मी सहज म्हणाले, "आता गॅस पेटवायचाच नाही."

त्या ओट्यापाशी उभ्याच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मंग ताई, उद्यापासून मी येऊ न्हाई का?"

मला एकदम भरून आलं. म्हटलं, "कच्चं असलं तरी निवडणार, चिरणार कोण? तुम्ही यायचंच."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. पिशवीतली कोवळी मेथी चिरून त्यात कांदा, मीठ, कूट आणि कच्चं तेल घालून घोळाणा कालवला.

"हे तर आमी रानात रोजच खातो. ह्याला डाएट म्हणतेत व्हय? पण संगं भाकर लागतीच, बघा."

एकच भाकरी थापली. अर्धी त्यांनी खाल्ली, अर्धी मी.

आहार बदलताना मी डॉक्टरांना विचारलं, लेकीला विचारलं. कमलबाईंना विचारायचं सुचलंच नाही. तुम्हाला सुचलं असतं का?